हिरडा, बटवा आणि गावात येणारे पाहुणे



आज बोलायचं आहे ते तुमच्या फळीवरच्या एका डब्याबद्दल. तो कधी पत्र्याचा असतो, कधी जुन्या लुगड्याच्या तुकड्याची पुरचुंडी असते. त्यात हिरडा, बेहडा, सुंठ, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड असं काहीबाही असतं. घरात तान्हं बाळ असलं की सहाण धुतली जायची आणि एकेक वेढा उगाळून घुटी व्हायची. (आता डॉक्टर सांगतात की पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका, आणि ते आपण पाळायला हवं.) पण डबा अजून आहे. त्यातलं काय कशासाठी, झाड कुठलं, ते कधी काढायचं आणि किती वाळवायचं, हे आपल्या सासूला, आजीला माहीत आहे. प्रश्न असा, की ही माहिती आपल्या गटाला चार पैसे मिळवून देऊ शकते का? आणि देऊ शकत असेल तर कुणाचं नुकसान न करता कशी?

आम्ही पुण्यात राहून पश्चिमेकडच्या तालुक्यांमधल्या बचत गटांबरोबर काम करणाऱ्या समन्वयक आहोत. महिन्याच्या बैठका, बँकेच्या फेऱ्या, पुण्यातल्या प्रदर्शनांत स्टॉल लावणं हे आमचं रोजचं काम. डिसेंबरात पुण्यात भीमथडी जत्रा भरते, तशा एका जत्रेत आमच्या गटांनी बाळहिरडा, आवळा सुपारी, शिकेकाई मांडली होती. एक शहरी बाई हिरडा हातात घेऊन म्हणाल्या, "हे झाड मी कधी पाहिलंच नाही. तुमच्याकडे येऊन बघता येईल का?" त्यांनी पन्नास रुपयांचा हिरडा घेतला आणि निघाल्या. आम्ही मात्र त्या प्रश्नावर अडकलो. हिरडा विकत घेणारे पुष्कळ भेटले होते. हिरड्याचं झाड बघायला पैसे द्यायला तयार असलेलं माणूस आम्हाला पहिल्यांदा भेटलं होतं.

आधी हिरड्याचं गणित

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा डोंगरी भाग, भीमाशंकरच्या आजूबाजूची गावं, हा हिरड्याचा मुलूख. तिथल्या महादेव कोळी कुटुंबांना भाताच्या जोडीला हिरड्याचा मोठा आधार. एप्रिल-मे महिन्यात कोवळं फळ झोडून किंवा झाडावर चढून काढायचं, अंगणात पसरून उन्हात वाळवायचं. हिरवं फळ वाळून काळं होतं, वजन बरंच घटतं, तो बाळहिरडा. पिकलेला मोठा हिरडा हिवाळ्यात मिळतो. हिरडा औषधात जातो, तसा कातडं कमावण्यासाठीही जातो. त्रिफळ्यातल्या तीन फळांपैकी तो एक, दुसरी दोन म्हणजे बेहडा आणि आवळा.

झाडावर चढायची जोखीम आपली, वाळवण्याचे कष्ट बायकांचे, आणि भाव ठरवतो व्यापारी. पाऊस तोंडावर आलेला असतो, बियाण्याला पैसे हवे असतात, म्हणून मिळेल त्या भावाला माल जातो. शिवाय निसर्गाचा भरवसा नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा या पट्ट्यातली हिरड्याची झाडं मोडली, वाळत घातलेला माल भिजला. भरपाईसाठी लोकांना किती वर्षं मोर्चे काढावे लागले, ते त्या भागातल्या मैत्रिणींना सांगायला नको.

म्हणजे फक्त कच्चा माल विकून आपण दोन ठिकाणी अडतो. भाव आपल्या हातात नाही आणि हंगाम एकच. माल थोडा साफ करून, प्रतवारी करून, गटाने एकत्र विकला तर भाव सुधारतो. ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या कातकरी तरुणांनी हे करून दाखवलं. त्यांनी रानातली गुळवेल गोळा केली, वाळवली, वन धन केंद्राच्या मदतीने थेट मोठ्या औषध कंपन्यांकडून शेकडो टनांची मागणी मिळवली. वन धन योजना एप्रिल 2018 मध्ये सुरू झाली. साधारण 20 जणांचे 15 गट मिळून 300 सभासदांचं एक केंद्र, अशी तिची रचना. आदिवासी भागातल्या गटांनी तिची चौकशी जरूर करावी.

पण सगळ्याच गावांत शेकडो टन माल नाही, आणि असला तरी तो सगळा ओरबाडून काढावा असंही नाही. तिथे दुसरी वाट आहे, पाहुण्यांची.

पाहुणे कशाला येतील?

"आमच्या गावात काय आहे बघायला?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. आम्ही त्यावर उरुळी कांचनचं उदाहरण देतो. पुण्यापासून सोलापूर रस्त्याने साधारण 30 किलोमीटर. मार्च 1946 मध्ये महात्मा गांधी तिथे आले, रोग्यांना तपासलं, मातीची पट्टी, पाण्याचे उपचार, साधा आहार सांगितला आणि निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. गांधीजी काही दिवसांत पुढे गेले, पण मणिभाई देसाई तिथेच राहिले आणि त्यांनी तो वाढवला. पुढे 1967 मध्ये मणिभाईंनीच बायफ ही संस्था उभी केली. आज इतक्या वर्षांनीही लांबलांबून लोक तिथे राहायला येतात. त्या गावात ना समुद्र आहे, ना थंड हवेचं ठिकाण. लोक आले ते नेमाने चाललेल्या उपचारासाठी आणि विश्वासासाठी.

दुसरं उदाहरण अकोले तालुक्यातलं. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची बियाणे बँक बघायला शेतकरी, विद्यार्थी, बाहेरचे अभ्यासक येतात. त्याच तालुक्यात पुरुषवाडीला शहरातले लोक काजवे बघायला येतात आणि गावकऱ्यांच्या घरी राहतात, जेवतात.

आणि जुन्नर तर 2018 मध्ये राज्य सरकारने पर्यटन तालुका म्हणून जाहीरच केला आहे. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट बघायला माणसं येतातच. नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिका राणीचा शिलालेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्या घाटाने बैलांवर माल लादून व्यापार चालायचा. आज त्याच वाटेने येणारा माणूस किल्ला बघतो, फोटो काढतो, हॉटेलात जेवतो आणि परत जातो. आपल्या गावात त्याचा एक रुपयाही पडत नाही. त्याला अर्धा दिवस आपल्याकडे वळवता आलं तर?

एक दिवसाची सहल कशी बसवायची

राहण्याची सोय पहिल्या वर्षी करूच नका. एका दिवसापासून सुरुवात करा. आमच्या गटांनी बसवलेला दिवस असा असतो.

सकाळी नऊला पाहुणे येतात. हातपाय धुवायला पाणी, मग गवती चहा. साडेनऊला गटातली एखादी जाणती मावशी आणि एक तरुण मुलगी मिळून त्यांना गावाच्या शिवारातून फिरवतात. दोन तासांत दहा-बारा झाडं पुरतात: हिरडा, बेहडा, आवळा, अडुळसा, निर्गुडी, गुळवेल, शिकेकाई, पळस, बिब्बा, करंज. प्रत्येक झाडाजवळ तीन गोष्टी सांगायच्या: ओळखायचं कसं, घरात पूर्वी कशासाठी वापरायचे, आणि कोणती काळजी घ्यायची. बिब्ब्याजवळ काळजीच आधी सांगावी, कारण त्याचा चीक लागला की अंगावर फोड येतात.

साडेअकराला ओसरीवर काम असतं. पाहुण्यांनी स्वतः उखळात आवळकाठी कुटायची, सहाणेवर हळकुंड उगाळायचं, शिकेकाई-रिठा निवडायचा. शहरातल्या मुलांना यात सगळ्यात मजा येते. दुपारी जेवण: नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, हंगामातली भाजी, आमटी, भात, ठेचा. जेवणानंतर देवराईपर्यंत चक्कर. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, ज्यातली काडीही न तोडण्याची रीत. आहुप्यासारख्या गावांनी अशी रानं पिढ्यान्‌पिढ्या राखली. पुण्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात या देवराया फिरून पाहिल्या, त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगाला त्यांची किंमत कळली. आपल्या आजीला ती आधीपासून माहीत होती. चार वाजता चहा, गटाचा छोटा स्टॉल आणि निरोप.

एका वेळी 12 ते 15 पाहुणे पुरे. जास्त आले की मावशीचं बोलणं मागच्यांना ऐकू जात नाही आणि रानही तुडवलं जातं.

आता हिशोब. हा नमुन्याचा आहे, आपापल्या गावचे आकडे घालून बघा. समजा 12 पाहुणे आले आणि माणशी 600 रुपये घेतले. जमा 7,200. जेवण-चहाचं सामान माणशी 150 धरलं तर 1,800. वाट दाखवणाऱ्या दोघींना 400 प्रमाणे 800. स्वयंपाकाच्या तिघींना 400 प्रमाणे 1,200. कुटायला, उगाळायला लागणारं सामान 300. गावनिधीला दहा टक्के, म्हणजे 720. खर्च झाला 4,820. गटाकडे उरले 2,380, आणि पाच बायकांची मजुरी सुटली ती वेगळी. वर्षात असे 20 दिवस मिळाले तर गटाच्या खात्यात 47,600 रुपये. स्टॉलवरची विक्री यात धरलेली नाही.

यात गावनिधी का, असं विचारलं जातं. रान गावाचं आहे, वाट गावाची आहे, पाणी गावाचं आहे. गटाने पैसे कमवायचे आणि गावाने गाड्यांची धूळ खायची, असं झालं तर दुसऱ्या वर्षी भांडण ठरलेलं. आम्ही गावनिधीतून देवराईचा कचरा उचलणं आणि रोपं लावणं असा ठरावच करून घेतो.

आमची एक चूक

इथे आमची एक चूक सांगितली पाहिजे, कारण तुम्ही ती करू नये.

पहिल्याच वर्षी एका सहलीत साखरेचा आजार असलेले एक काका आले होते. त्यांनी गुळवेलीबद्दल विचारलं. आमच्या मावशींनी काढा करून दिला, बरोबर काड्याही बांधून दिल्या आणि मायेने म्हणाल्या, "हा घेत जा, मग गोळीची गरज नाही लागायची." आम्ही शेजारीच होतो. आम्हीही हसलो, कुणी अडवलं नाही. तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. काकांनी गोळ्या बंद केल्या होत्या, साखर खूप वाढून दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. ते बरे झाले. मुलगी रागावली नाही, पण म्हणाली, "तुमच्या मावशींवर त्यांचा इतका विश्वास बसला होता की डॉक्टरांना विचारायचंही सुचलं नाही."

त्या रात्री मावशी जेवल्या नाहीत. खरं तर चूक त्यांची एकटीची नव्हती. माणसं विश्वासाने येतात, तेव्हा आपल्या बोलण्याचं वजन वाढतं, हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं. पुढच्या बैठकीत गटाने नियम केला आणि ओसरीवर पाटी लावली: "इथे झाडांची ओळख मिळते. इथे औषधोपचार होत नाहीत. चालू औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका." पाटी मावशींनी स्वतः खडूने लिहिली. आता सहलीची सुरुवात त्याच ती वाचून करतात.

गुळवेलीचंच आणखी एक सांगते, म्हणजे ओळख किती महत्त्वाची ते कळेल. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने सांगितलं की गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत, त्यांची गल्लत होऊ नये. रानातल्या बाईलाही कधी चकवणारी ही गोष्ट आहे. म्हणून आपल्या शिवारातली झाडं एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, आणि आघारकर संशोधन संस्था आहे. जवळच्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकही आनंदाने येतात.

काय विकता येतं, काय नाही

कायद्याची भाषा अवघड असते, पण ओळी तीनच लक्षात ठेवा.

पहिली ओळ. औषध म्हणून काही बनवून विकायचं असेल, डबीवर "खोकल्यावर", "सांधेदुखीवर" असं लिहायचं असेल, तर 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो. तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो आणि त्यासाठी ठरावीक जागा, स्वच्छता, जाणकार माणूस लागतो. साबण आणि केसाचं तेल हेही सौंदर्यप्रसाधनात येतं. सुरुवातीच्या गटाने या वाटेला जाऊ नये. नोंदणी नसताना रोगी तपासून औषध देणं तर कुणालाच चालत नाही.

दुसरी ओळ. खाण्याचे पदार्थ, म्हणजे मोरावळा, आवळा सुपारी, सुंठपूड, वाळवलेला गवती चहा, करवंदाचं लोणचं यांना अन्न सुरक्षा नोंदणी लागते. लहान उद्योगाची नोंदणी सोपी आहे आणि तिची वर्षाची फी 100 रुपये. पाकिटावर पदार्थाचं नाव, गटाचं नाव-पत्ता, वजन, तयार केल्याचा महिना, किंमत आणि नोंदणी क्रमांक छापा.

तिसरी ओळ. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा असे आजार "बरे होतात" अशी जाहिरात करणं 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. जाहिरात म्हणजे फक्त वर्तमानपत्र नाही. पत्रक, फलक आणि व्हॉट्सअॅपवर फिरवलेली चिठ्ठी यांतही तसा दावा लिहू नका.

मग सगळ्यात सोपं काय? रोपं. गुळवेल, अडुळसा, कोरफड, ब्राह्मी, गवती चहा, तुळस, शतावरी यांची पिशवीतली रोपं शहरातला माणूस हौसेने नेतो, कुंडीत लावतो आणि आपल्या गावाची आठवण ठेवतो. रोपवाटिका गटाच्या हातची आहे आणि रान शिल्लक राहतं. औषधी रोपांच्या लागवडीची माहिती पुण्यात महाराष्ट्र राज्य फलोत्पादन व औषधी वनस्पती मंडळाकडे मिळते.

माहितीही धन आहे

हळदीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. जखमेवर हळद लावायची हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी 1995 मध्ये अमेरिकेत जखमेवरच्या हळदीच्या वापराचं पेटंट दिलं गेलं. तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून दिल्लीला गेलेले डॉ. रघुनाथ माशेलकर देशाच्या वैज्ञानिक परिषदेचे प्रमुख होते. त्यांनी जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून मांडायला लावले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. यातून आपल्याला कळतं ते असं, की लिहून ठेवलेलं होतं म्हणून आपण जिंकलो.

केरळातली दुसरी गोष्ट जास्त जवळची आहे. अगस्त्य डोंगरातल्या काणी आदिवासींनी 1987 मध्ये शास्त्रज्ञांना रानात वाट दाखवताना एक वनस्पती दाखवली. तिची फळं चावली की ते थकत नसत. तिचं नाव आरोग्यपच्चा. तिच्यापासून औषध तयार झालं, 1995 मध्ये एका कंपनीला 10 लाख रुपयांना त्याची परवानगी दिली गेली आणि मिळणाऱ्या पैशांतला निम्मा वाटा काणी लोकांना द्यायचं ठरलं. 1997 मध्ये त्यांचा विश्वस्त निधी नोंदवला गेला. जगात अशी वाटणी फार थोड्या ठिकाणी झाली होती. पण मागणी वाढली तशी रानातून ती वनस्पती चोरून उपटली जाऊ लागली, हेही तितकंच खरं. त्याच काणी समाजातल्या लक्ष्मीकुट्टी यांना वनौषधींच्या ज्ञानासाठी 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या रानातल्या घरी लोक वाट काढत जातात.

आपल्याकडे सह्याद्रीत नरक्याचं असंच झालं. कर्करोगावरच्या औषधासाठी त्याचं लाकूड लागतं हे कळलं आणि ते चोरून तोडलं जाऊ लागलं. तेव्हा आपलं काम कोणतं? 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमच्या गावची नोंदवही बघायला मागा. झाडांची नावं, कुठे आहेत, कोणती कमी झाली, हे त्यात यायला हवं. एखाद्या घराण्याचा खास उपाय असेल तर तो सांगायचा की नाही, हे त्या घराने ठरवायचं. पाहुण्यांना मोबाईलवर बोलणं टिपू देण्याआधी मावशींना विचारायचं. दुर्मीळ झाडाचा ठिकाणा कधीच दाखवायचा नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांना औषधी वनस्पती, कंद, फळं अशा गौण वनउपजावर हक्क दिला आहे. जुन्नर-आंबेगावची काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथे ग्रामसभेचा शब्द अधिक वजनाचा. म्हणून सहल सुरू करण्याआधी ग्रामसभेत ठराव करून घ्या. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर वन विभागाला विचारल्याशिवाय पाहुणे नेऊ नका.

हंगाम आणि सुरक्षितता

नोव्हेंबर ते जानेवारी आवळा, बेहडा, पिकलेला हिरडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिकेकाई आणि पळस. एप्रिल-मेमध्ये बाळहिरडा, करवंदं, जांभळं. पावसाच्या सुरुवातीला रानभाज्या. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव होतात, तिथे गटाची ओळख वाढते.

पण भर पावसात डोंगरउतारावर पाहुणे बोलवू नका. आंबेगाव तालुक्यात 30 जुलै 2014 ला मालीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. ते दुःख आपल्या भागाचं आहे. अतिवृष्टीचा इशारा असला की आगाऊ पैसे परत करा आणि सहल रद्द करा. प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि रुग्णवाहिकेचा नंबर भिंतीवर लिहा. स्वच्छ संडास, उकळलेलं पाणी, प्रथमोपचाराची पेटी हे झाल्याशिवाय पहिला पाहुणा घेऊ नका. प्रत्येकाचं नाव, फोन आणि चालू आजार वहीत लिहून घ्या.

पैसा आणि नोंदणी

राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. त्याखाली शेतकरी आणि त्यांच्या संस्था पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करू शकतात. 2023 मध्ये बायकांसाठी "आई" हे पर्यटन धोरण आलं. त्यात पर्यटनाचा धंदा करणाऱ्या महिलेने 15 लाखांपर्यंत कर्ज घेतलं आणि हप्ते वेळेवर भरले, तर ठरलेल्या मर्यादेत व्याज परत मिळतं. अटी बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी पुण्यातल्या पर्यटन उपसंचालक कार्यालयात विचारा. माविम किंवा उमेदच्या सहयोगिनीला बरोबर न्या.

पण मैत्रिणींनो, पहिल्या वर्षी कर्ज काढू नका. गटाच्या अंतर्गत बचतीतून चार चटया, दोन उखळं, पाण्याची टाकी, एक पाटी एवढंच घ्या. पाच सहली झाल्यावर बैठकीत बसून बघा: कुणाला किती मिळाले, कुणाची कमर मोडली, पाहुणे काय म्हणाले, रानाचं काय झालं. मग पुढचं ठरवा.

शेवटची एक गोष्ट. आमच्या एका गटातल्या मावशींची नात बारावीला आहे. आधी ती सहलीत यायला लाजायची. आता तीच पाहुण्यांपुढे चालते. आजी झाड दाखवते, नात वहीत लिहिते. परवा आजीने विचारलं, "माझ्या मागं हे कोण सांगणार, याची काळजी होती. आता तू सांगशील ना?" नात म्हणाली, "सांगेन, पण तुझी पाटी आधी वाचून."

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरातला डबा आणा. काय काय निघतं ते मध्ये मांडा. कुणाला काय माहीत आहे ते एका वहीत लिहा, आणि ज्या झाडांची नावं फक्त एकाच म्हातारीला येतात, त्यांच्याखाली रेघ ओढा. सहल होईल तेव्हा होईल. ती वही मात्र याच महिन्यात झाली पाहिजे.